काय काय धरायचं

"गाडीत काय काय चालवायचं ते आधी सांगा," तौफिक म्हणाला. "लोड कळला की बॅटरी कुठली ते मी डोळे मिटून सांगतो."

तौफिक बागवानचं मिरजेत बॅटऱ्यांचं दुकान होतं. हे काउंटरपुढच्या स्टुलावर बसले होते, खांद्याला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणि नाकात नळी. रिक्षातून उतरून दुकानात येईपर्यंतच त्यांना धाप लागली होती, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. तसं ते लग्नापासून माझ्याकडेच होतं.

"ऑक्सिजनचं मशीन," मी पहिलं बोट दुमडलं. "ह्यांना आता दिवसरात्र लागतं. मग फ्रीज. दोन पंखे. मिक्सर. दिवे. पाण्याचा पंप. टीव्ही. इंडक्शनची शेगडी."

"अख्खं घरच की काकी हे."

"मग? घरच आहे ते. खाली चाकं आहेत एवढंच."

ह्यांचा जन्म फौंड्रीत गेला. रिटायर झाल्यावर कामगारांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस ह्यांनी भंगाराच्या भावात उचलली आणि अंगणात ठोकठोक करून तिचं घर केलं. मागे झोपायची फळी, मधे ओटा, छतावर सोलरची पॅनेलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारं कोणी नव्हतं. दर थंडीत आम्ही चंदगडच्या पलीकडे एका सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, जाऊन राहायचो. तिथं विजेची तार पोचलेली नव्हती. दुकान नाही, रस्ता धड नाही, आणि ह्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नातेवाईक नाहीत.

पुढे फौंड्रीची वाळू ह्यांच्या छातीत बसल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निबर होत चाललीत, ह्याला औषध नाही, ऑक्सिजन लावत राहायचं. तेव्हापासून मशीन आमच्याबरोबर सड्यावर यायला लागलं. आदल्या थंडीत जुन्या बॅटऱ्यांनी दगा दिला. दिवे पिवळे पडले, मशीन शिट्ट्या मारायला लागलं, आणि ह्यांना सिलिंडरवर ठेवून मी रडत रडत गाडी खाली आणली. आता ह्यांचा श्वास बॅटरीवर होता, आणि पुन्हा तसली पाळी येऊ द्यायची नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

तौफिकनं दोन प्रकार पुढे ठेवले. साधी बॅटरी दोन माणसांनी उचलायची, तिला पाणी घालत बसायचं. लिथियमची हलकी, पाणी नको, दहा वर्षं बघायला नको.

"फक्त एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "साधी बॅटरी सांगून जाते. दिवा मंद होतो, पंखा हळू पडतो, माणसाला कळतं. लिथियम शेवटपर्यंत पुरं देते आणि मग एकदम बंद."

"ते चांगलं," हे म्हणाले. दुकानात आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

"त्यात काय चांगलं? सांगून गेलेलं बरं."

"गेल्या साली... सांगून गेली की. काय उपयोग झाला?"

लिथियम ठरली. आता किती घ्यायच्या एवढंच राहिलं, आणि तौफिकनं कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

"थांब," हे त्याला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "त्रिशला, दिवे सोडूया?"

आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणार, आणि सड्यावर जेवलं की झोपायचंच असायचं. टॉर्च होता.

"सोडूया," मी म्हणाले.

"टीव्ही?"

"तो तुम्हीच बघता. सोडा."

"मिक्सर?"

"पाटा घेते बरोबर. सोडा."

"फ्रीज?"

सड्याखाली ठकूबाई झोरे राहायची. तिच्या म्हशी होत्या, रोज सकाळी ती ताजं दूध घेऊन वर यायची. फ्रीजमध्ये ठेवायला आमच्याकडे होतं काय? "सोडा," मी म्हणाले.

"पंखे?"

थंडीत कसले पंखे. मी नुसती मान हलवली. हे माझ्या तोंडाकडे बघत थांबले. "बोल की," म्हणाले.

"सोडा म्हटलं ना."

ही विचारायची रीत मी कुठंतरी पाहिली होती. एकेक गोष्ट विचारायची, समोरच्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. पण कुठं पाहिलं ते आठवेना, आणि मला वाटलं, यजमानांना उतारवयात काटकसर सुचली, चांगलंच आहे.

"अण्णा, असंच सोडत निघालात तर बॅटरी कशाला पाहिजे?" तौफिक म्हणाला. "काड्यापेटी न्या एक."

हे हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि त्याच आवाजात विचारलं, "आणि मशीन?"

"मशीनचं काय?"

"ते एकटं... बाकी सगळ्यांपेक्षा जास्त खातंय. ते सोडलं... तर एका बॅटरीत भागतंय."

तौफिकचं बोट कॅल्क्युलेटरवर थांबलं. तो उगाच मागच्या फळीवरची धूळ पुसायला लागला.

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हणाले. "कशासाठी आलोय आपण इथं? तौफिक, मशीन धरून हिशोब कर. आणि ह्यांनी आत्ता सोडलं ते पण सगळं परत धर. दिवे, टीव्ही, फ्रीज, सगळं."

"मग चार लागतील काकी. वर दोन पॅनेलं वाढवावी लागतील."

"चार दे."

"नाकापेक्षा मोती जड," हे म्हणाले.

"असू दे. नाक तुमचं, मोती माझा."

मला वाटलं होतं आता हे अडून बसतील. फौंड्रीत ह्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. पण ह्यांनी काउंटरवर हात टेकला आणि तौफिकला शांतपणे सांगितलं, "ती म्हणते तर चार."

बॅटऱ्या बसवताना ह्यांनी खुर्ची गाडीच्या दाराशी लावली आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. लाल वायर आधी, काळी नंतर. काढताना उलट. नट किती आवळायचा ते मनगटाला कळलं पाहिजे म्हणून मला तो पुन्हा सैल करायला लावला. मी वैतागले, तेव्हा म्हणाले, "मी काय जन्माला पुरणाराय?" असलं सगळेच नवरे बोलतात. मी बॅटऱ्यांच्या कपाटाचं दार लावलं, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं.

"मशीनचं... अजून तेच म्हणणं?"

"तेच."

"बरं."

पौषात आम्ही सड्यावर गेलो. गाडी मीच चालवली. वर नेहमीची सपाट जागा होती, काळा खडक, वाळलेलं पिवळं गवत आणि कड्याखाली धुकं. दोन पॅनेलं खडकावर उघडून ठेवली, चार छतावर होतीच. बॅटऱ्या किती भरल्या ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा दुपारपर्यंत टोकाला जायचा. मशीन घरघरत असायचं आणि लांब नळी नाकात घालून हे दारातल्या खुर्चीवर कड्याकडे बघत बसायचे. मला माझ्या चार बॅटऱ्यांचा फार अभिमान वाटायचा.

एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढी वीज असूनसुद्धा दुकानात सोडलेल्यांतलं काहीही हे वापरेनात. मी मुद्दाम टीव्ही लावला तर पाठ करून बसले. दिवा लावला तर डोळ्यांवर टॉवेल घेतला. फ्रीजमधलं ताक पुढे केलं तर म्हणाले, "ते तुझं. मला माठातलं पाणी दे."

"अहो, वीज आहे आता. कुणासाठी वाचवताय?"

"वाचवत नाही," एवढंच म्हणाले.

पहिला आठवडा बरा गेला. मग बोलणं कमी झालं. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा मशीन चालू असूनही वर येईना. जेवताना घास तोंडात तसाच ठेवून ते दम खायला लागले. एका सकाळी ओठ निळे दिसले आणि मी पॅनेलं गुंडाळायला घेतली.

"खाली जाऊया," मी म्हणाले. "बेळगावला नाहीतर गडहिंग्लजला. कुठंही."

ह्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"असं कसं? दवाखान्यात..."

"गेलो होतो की."

गेल्या उन्हाळ्यात ह्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. तोंडावर मोठा मुखवटा बांधला होता, आणि तो ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधले होते. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना दुसरा इलाज नव्हता. काचेतून मी हात हलवायची, ह्यांना तेवढंही करता येत नव्हतं. घरी आल्यावर महिनाभर हे झोपेत मनगटं चोळायचे.

"पुन्हा... नको," हे म्हणाले. मग मला हातानं जवळ बसायला सांगितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "त्रिशला, मशीन... सोडू का?"

आणि ते थांबले. माझ्या तोंडून शब्द येईपर्यंत थांबायचं म्हणून थांबले.

तेव्हा मला आठवलं. माझ्या सासूबाईंनी सल्लेखना घेतली होती, एकेक अन्न सोडत मरणाला सामोरं जायचं व्रत. वय झालेलं, अन्न पचेना. त्यांनी मुनिमहाराजांना विचारलं, आणि मग पुढच्या खोलीत चटईवर बसून घरातल्या एकेकाला बोलावून विचारायला लागल्या. भात सोडू का? भाकरी सोडू का? दूध सोडू का? नुसती मान हलवून चालायचं नाही. तोंडानं 'सोडा' म्हणावं लागायचं. घरच्यांचा जीव अडकलेला असताना सोडलं तर ते सोडणं नव्हे, असं त्या म्हणायच्या. माझे धाकटे दीर ताकाला अडून बसले, नाही म्हणाले. त्यांच्यासाठी सासूबाई इच्छा नसताना ताक पीत राहिल्या, तोंड वाकडं करून. शेवटी दीरच येऊन त्यांच्या पायाशी बसले आणि 'सोड' म्हणाले. हे सगळं ह्यांनी दाराच्या चौकटीला टेकून बघितलं होतं. बाहेर येऊन मला म्हणाले होते, "मला नाही जमायचं असलं." देवळात गेलं तर हा माणूस बाहेर चपला राखत बसायचा. त्याच्या मनात असलं काही येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"दुकानापासून," मी म्हणाले. "तौफिकच्या दुकानापासून तुम्ही हे चालवलंय. आणि मी आपली सोडा, सोडा म्हणतेय. मला वाटलं बॅटरीचं चाललंय."

"बॅटरीचंच... होतं. तुला विचारून."

"हे विचारणं? तुम्ही मला ताकास तूर लागू दिली नाहीत. ना महाराज, ना शास्त्र. हे कसलं व्रत?"

"व्रत नाही." त्यांनी श्वास घेतला. "महाराजांना... मी काय विचारणार. तुला... विचारायचं होतं."

"मग माझं उत्तर नाही आहे. ऐकलं? नाही."

त्यांनी बरं म्हणून मान डोलावली. नाकातून घसरलेली नळी त्यांनी स्वतःच्या हातानं नीट बसवली, कानामागे अडकवली, आणि खुर्चीत मागे टेकले. बस्स. चिडले नाहीत, समजावलं नाही.

ते चिडले असते तर मी जिंकले असते. पुढचे दोन दिवस ते माझ्यासाठी श्वास घेत होते. दुसरा शब्द नाही त्याला. खांदे वर जायचे, गळ्यापाशी खड्डा पडायचा, पुन्हा खांदे वर. घोटभर पेज प्यायला दुपार लागायची. आडवं होता येत नव्हतं, म्हणून उशा रचून बसल्या बसल्या डोळे मिटायचे, आणि दचकून उठायचे. मशीन न थकता चालू होतं. ऊन कडक पडत होतं. काटा रोज टोकाला जात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. "किती दिवस चालणार हो असं?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

त्यांनी बॅटऱ्यांच्या कपाटाकडे बोट केलं. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं. "तौफिक... दहा वर्षं... म्हणतोय."

मी पण हसले. हसता हसता मला हुंदका आला, आणि मग मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. त्या सड्यावर ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे लाज धरायचं कारण नव्हतं. ह्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. तो त्यांनी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई दूध देऊन गेली. मी पाणी तापवलं, ह्यांचं अंग पुसलं, धुतलेलं धोतर नेसवलं. पर्युषण संपलं की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, तशी मी मागितली. "माझं काही चुकलं असलं तर क्षमा करा."

"चार... बॅटऱ्या," ते म्हणाले. "तेवढंच... चुकलं. क्षमा... केली."

"आणि तुमचं?"

त्यांनी फक्त हात जोडले. ते हात मी माझ्या हातात घेतले आणि म्हणाले, "सोडा."

त्यांना ऐकू आलं होतं, तरी ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हणाले, "मशीन सोडा."

नळी त्यांनी स्वतः काढली. कानामागून सोडवताना बोटं चुकत होती, तरी मी हात लावला नाही.

नंतर घरी आलेले लोक म्हणायचे, शांतपणे गेले, पुण्यवान माणूस. मी त्यांना तसं म्हणू दिलं. शांत वगैरे काही नव्हतं. श्वास म्हणजे काय असतो ते मी त्या सकाळी पाहिलं, आणि ते कुणाला पाहायला लागू नये. मी णमोकार म्हणत होते आणि म्हणता म्हणता ओळी चुकत होते, जो मंत्र मी बोलायला लागल्यापासून म्हणतेय. एकदा माझा हात नळीकडे गेला. ह्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक. पुन्हा हात गेला, पुन्हा धरलं. मग ऊन दारातून आत फळीपर्यंत आलं, आणि मनगटावरची पकड सैल झाली.

मी किती वेळ बसले ते माहीत नाही. भानावर आले ती घरघरीनं. मशीन चालूच होतं. नळी खाली पडली होती आणि तिच्यातून ऑक्सिजन गाडीच्या पत्र्यावर येत होता. कपाटावरच्या मीटरकडे बघितलं. काटा टोकाला होता.

मला तेव्हा दुःख झालं नाही. राग आला. मी उठले आणि दिवे लावले, भर दुपारी, सगळे. दोन्ही पंखे लावले. टीव्ही मोठ्यानं लावला, त्यावर नुसती खरखर होती. फ्रीजचं दार उघडं टाकलं. शेगडीवर पातेलंभर पाणी ठेवलं. मिक्सर रिकामाच फिरवला, तो किंचाळायला लागला. एकेक गोष्ट त्यांनी मला विचारून सोडली होती, ती सगळी मी परत धरली आणि मीटरपुढे बसले. त्या बॅटऱ्या मला संपवायच्या होत्या. तौफिक म्हणाला होता, एकदम बंद होते. तर होऊ दे बंद. पण बाहेर ऊन होतं, पॅनेलं भरत होती, आणि काटा हलता हलत नव्हता.

"वैनी? कोन आलंय म्हनायचं? लांबवर आवाज जातोय," दारातून ठकूबाईनं विचारलं. ती सकाळची दुधाची चरवी न्यायला परत आली होती.

"कोणी नाही."

तिनं आत डोकं घातलं. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पायातल्या वहाणा काढून ती वर चढली आणि आधी ह्यांच्या पायांना हात लावला. मग त्या सगळ्या गोंगाटात माझ्या शेजारी उकिडवी बसली. थोड्या वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वैनी, ह्यो फिरतोय त्यो बंद करू?"

मिक्सर जळायला आला होता, वास सुटला होता. मी मान हलवली.

ती उठली नाही. तिला आमच्या गाडीतली बटणं माहीत नव्हती, चुकून भलतं काही होईल म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कर," मी म्हणाले.

तिनं मिक्सर बंद केला. "टीवी?"

"कर."

"शेगडी?"

"कर."

पंखे. फ्रीज. दिवे. प्रत्येक बटणावर बोट ठेवून ती वळून विचारायची, आणि मी कर म्हटल्याशिवाय दाबायची नाही. गाडी हळूहळू गप्प होत गेली. शेवटी एकच आवाज उरला. ती वाकली, खाली पडलेली नळी तिनं उचलून ह्यांच्या छातीवर नीट ठेवली, आणि मशीनच्या बटणावर बोट ठेवलं.

"आनि ह्ये?"

मी तोंड उघडलं. मशीन सोडायचा शब्द मी सकाळी दोनदा उच्चारला होता. आता येईना.

"ते राहू दे," मी म्हणाले.

ठकूबाई वाडीतल्या माणसांना बोलवायला खाली गेली. माणसं वर येईपर्यंत मी ह्यांच्याजवळ बसले होते, आणि मशीन चालू होतं.